बिघडलेला फोटो मोठा का केला

रस्त्यावरचे फोटो काढायचे तर आधी अदृश्य व्हायला शिका, असं नागपूरचे आमचे सर सांगत. सर अड्याळला कधी आले नव्हते.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्या घोळात माझी शाळेची बदली सासरच्या गावी, अड्याळला झाली. घर, शाळा आणि बाजार सगळं हाकेच्या अंतरावर आलं. नवरा म्हणाला, आता तुला वेळच वेळ. त्या वेळाचं काय करायचं म्हणून मी एक जुना रोलचा कॅमेरा घेतला, सगळं हातानं फिरवायचा, आणि एक रविवार सोडून एक अशी नागपूरला सरांच्या वर्गाला जाऊ लागले. माणूस कॅमेऱ्यापुढे उभा राहिला की संपला, असं सरांचं म्हणणं. तो कामात असताना, भांडणात असताना, कंटाळलेला असताना टिपायचा. त्यासाठी त्यांच्या युक्त्या होत्या. अंतर आधीच ठरवून फोकस लावून ठेवा, म्हणजे ऐन वेळी डोळा बारीक करून कडी फिरवत बसायला नको. लेन्सचं छिद्र लहान ठेवा, म्हणजे पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं. आणि सगळ्यांत मोठी युक्ती अशी की आधी जागा निवडायची, चांगली भिंत, चांगला उजेड, आणि तिथं गप उभं राहून माणूस आपणहून चौकटीत येण्याची वाट बघायची. उन्हाळ्यात वर्गाचं छोटं प्रदर्शन भरणार होतं. अट एकच होती. फोटोतल्या एकाही माणसानं लेन्सकडे पाहिलेलं नको.

मी अड्याळच्या बाजारात एक भिंत निवडली. पिवळा चुना, त्यावर चारच्या सुमाराचं तिरकं ऊन. फोकस लावला, छिद्र लहान केलं आणि गप उभी राहिले. समोरच्या किराणा दुकानदारानं लगेच खुर्ची पाठवली.

"मॅडम, उभ्या काहून जी? बसा न."

मी म्हटलं, मी बरी आहे. त्यानं चहा पाठवला. चहा बघून भाजीवाली आली, तिचा मुलगा माझ्या वर्गात होता, त्याला पाढे का येत नाहीत हे तिला तिथंच ऐकायचं होतं. तिच्यामागं आणखी दोघी आल्या. पाऊण तासानं माझ्या सुंदर भिंतीपुढं अर्धा बाजार ओळीनं उभा होता, हात मांड्यांना चिकटवून, माना ताठ, प्रार्थनेच्या वेळी माझी पोरं उभी राहत नाहीत इतक्या शिस्तीत. "काढा आता," दुकानदार म्हणाला. मी काढला. नाही काढला असता तर राग आला असता, आणि ह्या गावात मला दळण दळायचं होतं.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी बांधीवर, म्हणजे भाताच्या खाचरात गेले. वाटलं, चिखलात वाकलेल्या बायका काही उठून ओळीत उभ्या राहणार नाहीत. राहिल्या. "थांब न बाई, पदर तं नीट करू दे," असं म्हणून सगळ्याजणी बांधावर चढल्या, पाय धुतले, धानाच्या रोपांच्या जुड्या हातात धरल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, तुम्ही आपलं काम करा, माझ्याकडे बघू नका. त्यावर एक म्हातारी जे बोलली ते मी पुढं सरांना जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "पाहाचं नाही तं फोटो कायले? मांगून तं बैलाचाबी काढत नाहीत."

सर हसले आणि म्हणाले, अजून थोड्या मिसळून जा लोकांत. उंटावरून शेळ्या हाकायला ह्या माणसाचं काय जात होतं? नागपूरच्या महाल भागात त्यांना कुत्रंसुद्धा ओळखत नसेल. मी तर इतकी मिसळलेली होते की मला कुणी चौकटीबाहेर जाऊच देत नव्हतं.

वर आणखी भंडाऱ्याचा स्टुडिओवाला. रोल त्याच्याकडे धुवायला द्यायचा, आणि तो माझ्या भल्यासाठी खराब फोटो छापायचाच नाही. खराब म्हणजे काय, तर ज्यात एखादाही लेन्सकडे बघत नाही ते. पाकिटात सगळी ओळीतली माणसं आणि वर त्याचं समाधान, "मॅडम, काही हलले होते, ते सोडून देले." मी निगेटिव्ह उजेडाकडे धरून एकेक चौकट दाखवायची आणि हा छापा, हाही छापा म्हणायची. तो छापायचा, पण आजाऱ्याला औषध पाजावं तसा चेहरा करून.

असं वर्ष निघालं आणि मंडईचे दिवस आले.

आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गाव आपापला दिवस धरतं, म्हणजे पाहुण्यांना एकीकडून दुसरीकडे जाता येतं. दिवसा दुकानं, पाळणे, दंडारीचा नाच, आणि रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, विहिणी विहिणींना भेटतात, आणि मंडईत सोयरिकी जुळतात हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. आमच्या आजेसासऱ्यांच्या पिढीनं बौद्ध धम्म घेतला, तेव्हापासून घरात पत्रिका-मुहूर्त काही नाही. चांगलंच झालं. पण त्यामुळे सगळा भार येऊन पडला तो मुलाच्या नोकरीवर आणि मुलीच्या फोटोवर.

सासूबाईंची बहीण करडी गावाला. तिथल्या मंडईला मी कॅमेरा घेऊन निघाले तशा सासूबाईही निघाल्या. मला वाटलं, बहिणीला भेटायला. माझा धाकटा दीर त्याच वर्षी वीज खात्यात लागला होता, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. सासूबाईंच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

मंडईत शिरलो. मी पुढं, त्या चार पावलं मागं. मी कॅमेरा वर केला की कुणीतरी त्यांना विचारायचं, "कायचे फोटो काढून राहिली जी सून?" आणि त्या गालात हसून म्हणायच्या, "काही नाही, पाहून राहिलो." बस्स. वाऱ्यासारखी बातमी गेली. वीज खात्यातल्या पोराची भावजय मंडईत पोरी पाहत फिरते आहे, कॅमेरा घेऊन. मग जे सुरू झालं त्यानं माझ्या नाकी नऊ आले. मी पाळण्याकडे कॅमेरा वळवला की पाळण्यापुढे एक मुलगी आणून उभी केली जायची. मी फुगेवाल्याकडे वळले की फुग्यांपुढे दुसरी. "हिचा बी घ्या जी, डीएड करून राहिली." "फोटोत रंग दबते हिचा, तशी उजळ आहे." मुली बिचाऱ्या खाली बघत, आया लेन्सकडे बघत. सासूबाई कुणाला नाही म्हणायच्या नाहीत. त्यांनी पिशवीतून पानसुपारी काढली होती.

मी वैतागून त्यांना बहिणीच्या घरी चहाला पाठवलं आणि बाजाराच्या टोकाला गेले, जिथं तळ्यातले शिंगाडे उकडून विकायला बसतात. तिथं एका मुलीचं शिंगाडेवाल्याशी भांडण चाललं होतं. तिनं शिंगाडा दातानं फोडला होता, आत किडका निघाला होता. ओढणी कमरेला आवळलेली, केस सुटून तोंडावर आलेले, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात ते काळं टरफल त्याच्या नाकासमोर धरलेलं, तोंड उघडं, एक भुवई पार कपाळात. शिंगाडेवाला तराजू तसाच अधांतरी धरून तिच्याकडे आ करून बघत होता. मागं एक म्हातारी बोळकं उघडून हसत होती. फोकस लावलेलाच होता. मी कॅमेरा छातीशीच ठेवला आणि बटण दाबलं. कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं, पहिल्यांदाच. मुलीनं ओढणीत चांगले शिंगाडे निवडून घेतले आणि निघून गेली. मी तिला नावही विचारलं नाही. कशाला विचारू?

स्टुडिओवाल्यानं अर्थातच तो छापला नव्हता. मी चौकट दाखवली. आधी पाकिटातल्या आकाराचा काढून घेतला, आणि तो बघितल्यावर राहवेना, म्हणून म्हटलं, हा मोठा करून द्या, भिंतीवर लावायचा असतो तेवढा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. दोन दिवसांनी मोठा फोटो पिवळ्या कागदात गुंडाळून देताना तो म्हणाला, "मॅडम, मंग पेढे कधी?" मला वाटलं, चला, ह्यालाही शेवटी फोटो कळला. मी म्हटलं, देईन, देईन.

सरांना दाखवला. त्यांनी अर्धा तराजू, तोंडावरचे केस, मागची म्हातारी, एकेकावर बोट ठेवून चांगलं म्हटलं आणि मग म्हणाले, "हा तुमचा पहिला फोटो." आतापर्यंत मी काढलेल्या रोलांचं काय मग, असं मनात आलं, पण आनंद झाला होता हे खोटं नाही. परतताना एसटीत तो गुंडाळलेला कागद मी मांडीवर आडवा धरून बसले होते.

महिना गेला असेल. बाजाराचा दिवस होता, मी पुन्हा त्याच पिवळ्या भिंतीपाशी, खुर्चीत. समोरून तीच मुलगी येताना दिसली. ओळखायला वेळ लागला नाही, कारण चेहरा तोच होता, शिंगाडेवाल्याच्या वेळचा. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली, एक हात कमरेवर.

"ताई, तुम्ही माझा फोटो मोठा काहून केला?"

माझा हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला. तिनं तो पाहिला. मी हात खाली घेतला.

शाळेच्या ओट्यावर बसवून तिला विचारलं तेव्हा सगळं कळलं. स्टुडिओवाल्याचं सासर करडीचं. त्यानं तिला ओळखलं होतं, आणि सासुरवाडीला गेल्यावर तिच्या बाबांच्या कानावर घातलं की अड्याळच्या मॅडमनं तुमच्या पोरीचा फोटो मोठा करून नेला, घरी पसंत पडली म्हणून समजा. आमच्या भागात लहान फोटो चार घरी फिरतो, त्याला कुणी विचारत नाही. पण परक्या मुलीचा फोटो भिंतीएवढा मोठा कुणी करत नाही, सोयरीक पक्की असल्याशिवाय.

"तं बाबा आता एकोडीवाल्यांना थांबवून बसले," ती म्हणाली. "तुमच्याकडून निरोप येईन म्हणून वाट पाहून राहिले."

एकोडीचा मुलगा तिच्याबरोबर डीएडला होता. दोघांचं आपसात ठरलं होतं, आणि घरच्यांना कळू न देता दोघांनी मिळून एका मामाला मध्ये घालून स्थळ रीतसर आणवलं होतं, जणू एकमेकांना पाहिलंच नाही. त्या मुलाला नोकरी अजून नव्हती, घरचं धानाचं शेत होतं. बाबा कसेबसे तयार झाले होते. तेवढ्यात वीज खातं मध्ये आलं, माझ्या कॅमेऱ्यातून.

मी म्हटलं, हात्तिच्या, मी आजच निरोप पाठवते की आमच्या मनात तसं काही नाही.

"नका पाठवू," ती म्हणाली. "मंग मी नापसंत झाली असं होईन. फोटो मोठा करून पाहिला आन वापस केला. एकोडीची माय अशी आहे, तिले कळलं तं ती म्हणन, वीजवाल्यांनी सोडलेली आम्ही काहून करू?"

म्हणजे हो म्हटलं तर हिचं लग्न माझ्या दिराशी, आणि नाही म्हटलं तर कुणाशीच नाही. इकडे आड तिकडे विहीर, आणि ती मी शिंगाडे बघत खणलेली. मला त्या क्षणी सगळ्यांचा संताप आला. सासूबाईंचा, स्टुडिओवाल्याचा, तिच्या बाबांचा, अदृश्य व्हा म्हणणाऱ्या सरांचा. एवढा मोठा जिल्हा, त्यात एका बाईला एक फोटो काढता येऊ नये?

सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "मंग हो म्हणून टाक न. पोरगी तडफदार दिसते." दिराला विचारलं तर तो जेवता जेवता म्हणाला, "वहिनी, मी खांबावर चढून राहतो दिवसभर, मले ह्याच्यात नका चढवू." नवरा म्हणाला, तरी मी सांगत होतो. त्यानं काहीही सांगितलेलं नव्हतं.

शेवटी एका रविवारी, नागपूरचा वर्ग बुडवून, मी सासूबाईंना घेऊन करडीला गेले. मोठं माणूस बरोबर नसताना असल्या घरी जाता येत नाही. निरोप आधी गेला होता, त्याचा अर्थ त्यांनी लावायचा तो लावला होता. अंगण सारवलेलं, खोलीत नवी चादर, मुलीचे बाबा पांढरा सदरा घालून, दोन काका, आई दाराशी. मुलीनं मला पुढच्या बाजारी गाठून बजावलं होतं, "मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली की पाहणं झालं. तेच्या आंधी बोला. मी चहा उशिरा करतो." आतून स्टोव्हचा आवाज येत होता. मी मांडीवर पिवळा कागद धरून बसले.

"पोरीले बोलवा न," सासूबाई म्हणाल्या.

"येऊन राहिली, येऊन राहिली," बाबा म्हणाले आणि आत वळून ओरडले, "चाय झाली का नाही?"

मी कागद उलगडला आणि फोटो त्यांच्या हातात दिला. काकांनी वाकून पाहिलं. आईनं दारातून येऊन पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. सासूबाईंनीही तो पहिल्यांदाच पाहिला, कारण मी तो शाळेच्या कपाटात ठेवला होता. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"हा फोटो?" बाबा म्हणाले.

"हाच," मी म्हटलं. "सोयरिकीचा फोटो असा असते का जी? मी मंडईचे काढून राहिली होती. मले फोटो शिकाचं आहे, नागपूरले वर्ग आहे माझा. ही मधात आली. बिघडला."

माझ्या तोंडून अड्याळची बोली निघाली ती बरं झालं. मॅडमच्या भाषेत ते खोटं वाटलं असतं. पण बाबा मूर्ख नव्हते. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, आणि नेमका प्रश्न विचारला.

"बिघडला तं मोठा काहून केला?"

आत स्टोव्ह बंद झाला. कपबशांचा आवाज आला. मी त्या फोटोकडे पाहिलं आणि सुचलं ते बोलले.

"काय बिघडलं ते लहान फोटोत दिसत नाही. मोठा केल्यावरच दिसते. शिकाले केला."

ते पटलं. इतकं पटलं की बाबांचा चेहराच मोकळा झाला, आणि मग ते मला शिकवायला बसले. तीस-पस्तीस वर्षांच्या आयुष्यात माझी इतकी फजिती कुणी केली नसेल, आणि तीही इतक्या मायेनं. "हे पाहा मॅडम, तराजू अर्धाच आला." हो, म्हटलं, अर्धाच आला. "पोरीचे केस तोंडावर आहेत." आहेत. "हे मागची बुडी कायले पाहिजे होती? तिचं काय काम?" खरंच, काही काम नव्हतं. "आन तोंड पाहा कसं उघडं आहे. पाह्यणारा म्हणन, भांडकुदळ आहे." एक काका म्हणाले, जमीनही वाकडी आली आहे. मी त्यालाही हो म्हटलं. जे जे सरांनी बोट ठेवून चांगलं म्हटलं होतं, ते ते सगळं त्या खोलीत एकेक करून बाद झालं, आणि प्रत्येकाला मान हलवली ती मी स्वतः. जीव जळत होता. हा माझा पहिला फोटो, आणि त्याच्या वाटेला एवढंच आलं.

"म्हणजे पोरगी तुम्ही पाहिलीच नाही," आई दारातून म्हणाली.

"पाहिलीच नाही," मी म्हटलं.

आईनं सुस्कारा सोडला तो मला ऐकू आला. तिच्या मागं, दाराआड ट्रे घेऊन मुलगी थांबली होती. आईनं तो तिच्या हातून काढून घेतला आणि स्वतः चहा आणला. सासूबाईंनी चहा घेतला, चिवडा घेतला, आणि करडीला धानाचं पीक ह्या साली कसं आहे ते विचारू लागल्या. त्या एवढ्या शहाण्या आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. परतताना मात्र एसटीत त्या मला म्हणाल्या, "बरं झालं. शिंगाड्यासाठी एवढी बोंबलते, तं माझ्याशी कशी राहाली असती?"

पण आम्ही निघायच्या आधी बाबांनी आणखी एक काम काढलं. एकोडीच्या लोकांना मुलीचा चांगला फोटो अजून गेलाच नव्हता. मॅडम कॅमेरा घेऊन दारात आल्याच आहेत, तर एक नीट फोटो होऊन जाऊ द्या. अंगणात भिंतीला चादर बांधली, मुलीला आकाशी साडी नेसवून उभं केलं, केसांना पाणी लावून चापून बसवले. मी फोकस लावला. बाबा माझ्या शेजारी उभं राहून सांगत होते, तराजू, म्हातारी, असलं काही मागं येऊ देऊ नका. मग त्यांना कुणीतरी आत हाक मारली.

मुलगी ओठ न हलवता म्हणाली, "ताई, तो फोटो खरंच खराब आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "आतापर्यंत मी काढलेल्यांत तोच तेवढा जमला."

"मंग मघाशी तसं काहून म्हणल्या?"

"हनुवटी थोडी वर कर," मी म्हटलं. "आणि इकडे बघ, लेन्समध्ये."

तिनं बघितलं. फोटो छान आला. स्टुडिओवाल्यानं तो न सांगता छापला आणि कौतुकानं म्हणाला, "मॅडम, आता शिकल्या तुम्ही." त्याला मी पेढे द्यायचे होते ते दिले नाहीत. एकोडीला तो फोटो गेला, पसंत पडला, आणि मुलगा-मुलगी जणू पहिल्यांदाच भेटली.

प्रदर्शनात मी शिंगाड्याचा फोटो लावला नाही. नागपूरच्या दवाखान्यांत अर्धा भंडारा पडलेला असतो. एखादा पाहुणा चुकून त्या दालनात शिरला असता आणि करडीला जाऊन म्हणाला असता की तुमच्या पोरीचा बिघडलेला फोटो तिथं चौकटीत टांगला आहे, खाली मॅडमचं नाव आहे, तर पुन्हा काय काय झालं असतं ते मला बघायचं नव्हतं. सरांनी खूप समजावलं. कला, धाडस वगैरे शब्द वापरले. मी ऐकून घेतलं आणि त्याच्या जागी पिवळ्या भिंतीपुढची रिकामी खुर्ची लावली. शिंगाड्याचा सोडला तर तेवढाच एक फोटो होता ज्यात लेन्सकडे कुणी बघत नव्हतं.

लग्न उन्हाळ्यात करडीच्या विहारापुढच्या मांडवात लागलं. फोटो मीच काढायचे, हे कुणी विचारलं नाही, ठरलेलंच होतं. वंदना झाली, पांढऱ्या साडीत नवरी, पांढऱ्या सदऱ्यात नवरा, हार झाले, आणि मग सगळं गोत ओळीनं उभं राहू लागलं. काका, काकांचे साडू, एकोडीची माय, हात मांड्यांना चिकटलेले, माना ताठ. मी एकामागून एक काढत होते. बाबा बाजूला उभं राहून लोकांना सरळ करत होते.

रोल संपत आला तेव्हा मी म्हटलं, आता नवरीचा एकटीचा. सगळे बाजूला झाले. ती उभी राहिली, नीट, हनुवटी वर. मी कॅमेरा डोळ्याला लावला. तिनं एकदा बाबांकडे पाहिलं, ते कुणाशी तरी बोलत होते. मग तिनं एक हात कमरेवर ठेवला, हातातलं कमळाचं फूल माझ्या नाकासमोर धरावं तसं पुढं केलं, तोंड उघडलं आणि एक भुवई पार कपाळात चढवली.

सरळ लेन्समध्ये बघत होती. सरांनी हा फोटो दोन बोटांनी उचलून बाजूला टाकला असता. मी बटण दाबलं, आणि तो मोठा करायला भंडाऱ्याच्याच स्टुडिओत दिला.